न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हास पुढच्या पिढीच्या प्रयोगांना दिसण्याची शक्यता कितपत आहे?

ध्रुवतारा (धागाकर्ता):

नमस्कार. न्यूट्रिनोंवरील लेख वाचताना एका मुद्द्यापाशी मी दरवेळी अडतो, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

काही अणुकेंद्रांत दोन न्यूट्रॉन एकाच वेळी प्रोटॉनमध्ये बदलतात आणि दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. या दुहेरी बीटा ऱ्हासाची कल्पना मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३५ मध्ये मांडली आणि तो प्रयोगशाळेत थेट दिसायला १९८७ साल उजाडले, इथपर्यंत मला समजले आहे. न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण असेल, म्हणजे एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये सुचवलेल्या प्रकारचा कण असेल, तर हाच ऱ्हास प्रतिन्यूट्रिनो बाहेर न टाकताही व्हायला हवा, हेही पटते. तो आजवर दिसलेला नाही. जपानमधील कामलँड-झेन प्रयोगाने झेनॉन-१३६ साठी त्याचे अर्धायुष्य ३.८ × १०^२६ वर्षांपेक्षा जास्त असले पाहिजे अशी मर्यादा घातली आहे (१०^२६ म्हणजे एकावर सव्वीस शून्ये). पुढच्या पिढीचे प्रयोग मात्र १०^२८ वर्षांची भाषा करतात.

माझ्या शंका दोन आहेत. चीनमधील जुनो या न्यूट्रिनो-प्रयोगासारखा २०,००० टनांचा डिटेक्टर आज उभा राहू शकतो, तर या शोधासाठी नुसते आकारमान वाढवून का भागत नाही? आणि १०^२८ वर्षांपर्यंत जाऊनही काहीच दिसले नाही, तर त्यातून न्यूट्रिनोच्या स्वरूपाविषयी काही निष्कर्ष काढता येईल, की एवढा खटाटोप केवळ आणखी एक मर्यादा नोंदवून थांबेल?

भूमिगत:

आधी थोडी आकडेमोड करून घेऊ, म्हणजे पहिल्या शंकेचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल. एक टन झेनॉन-१३६ मध्ये सुमारे ४.४ × १०^२७ अणू असतात. अर्धायुष्य १०^२८ वर्षे धरले, तर वर्षभरात त्यांपैकी सरासरी ०.३ अणूंचा ऱ्हास होईल, म्हणजे साधारण तीन वर्षांतून एकाचा. जर्मेनियम-७६ हलके असल्यामुळे एका टनात अणू अधिक भरतात, सुमारे ७.९ × १०^२७. तरीही तिथे दोन वर्षांतून एकच घटना पदरात पडते. तेव्हा टनाच्या मापाने पदार्थ हवा, हे आपले म्हणणे बरोबर आहे. काही किलोग्रॅम वापरणाऱ्या जुन्या प्रयोगांना ही पायरी चढणे कधीच शक्य नव्हते.

खरी अडचण मात्र त्या एका घटनेला ओळखण्याची आहे. न्यूट्रिनो बाहेर न पडल्यामुळे दोन इलेक्ट्रॉनांची एकत्रित ऊर्जा ठरलेली असते: जर्मेनियम-७६ साठी २०३९ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक), झेनॉन-१३६ साठी २४५८ केईव्ही. त्या ऊर्जेपाशी एक बारीक शिखर दिसायला हवे. त्याच पट्ट्यात इतर कोणत्याही कारणाने ऊर्जा नोंदली गेली, तर ती घटना आपल्या हव्या असलेल्या घटनेहून वेगळी काढता येत नाही. युरेनियम आणि थोरियम यांच्या साखळ्यांतील गॅमा किरण याबाबतीत फार त्रासदायक ठरतात. थॅलियम-२०८ चा २६१५ केईव्हीचा गॅमा या दोन्ही ऊर्जांच्या वर आहे, आणि बिस्मथ-२१४ चा एक गॅमा २४४८ केईव्हीला, म्हणजे झेनॉनच्या शिखराच्या अगदी अंगाला खेटून आहे.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेतील गेर्डा प्रयोग २०२० मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्याची पार्श्वभूमी (म्हणजे अशा नको असलेल्या घटनांचे प्रमाण) प्रति केईव्ही, प्रति किलोग्रॅम, प्रति वर्ष ५.२ × १०^-४ घटना इतकी कमी होती, आणि १२७ किलोग्रॅम-वर्षांच्या (वस्तुमान गुणिले काळ) निरीक्षणात शिखराच्या पट्ट्यात जेमतेम पाव घटनेची अपेक्षा होती. त्याच्या बळावर १.८ × १०^२६ वर्षांची मर्यादा मिळाली. आता हाच डिटेक्टर, आहे त्याच शुद्धतेने, एक टनाचा केला आणि दहा वर्षे चालवला असे समजा. निरीक्षण १०,००० किलोग्रॅम-वर्षांचे होते. शिखराचा पट्टा चार केईव्ही रुंद धरला, तर पार्श्वभूमीच्या सुमारे २१ घटना जमतात. अर्धायुष्य १०^२८ वर्षे असेल तर त्याच काळात खरे ऱ्हास होतील पाच-सहा, आणि निवडीच्या चाळणीतून त्यांतले तीन-चार हाती लागतील. एकवीस घटनांच्या सरासरीत साडेचारांचा चढउतार सहज संभवतो. त्यात ते तीन-चार विरून जातील.

लेजेंड-१००० या नियोजित प्रयोगाने पार्श्वभूमी १०^-५ पर्यंत उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे ते याच कारणाने. मग वरच्याच हिशेबात एकवीसऐवजी ०.४ घटना उरते आणि तीन-चार खऱ्या घटना स्वच्छ उठून दिसतात. पार्श्वभूमी जवळजवळ शून्य असेल, तर संवेदनक्षमता वस्तुमान आणि काळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. ती शून्य नसेल तर केवळ त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. या दुसऱ्या स्थितीत शंभरपट मजल मारण्यासाठी दहा हजारपट पदार्थ लागेल, आणि एवढे समृद्ध (जर्मेनियम-७६ चे प्रमाण वाढवलेले) जर्मेनियम कोणी देणार नाही.

ही पन्नासपट घट कशी साधणार, याचे एक उदाहरण देतो, कारण ‘शुद्धता वाढवली’ या शब्दांमागे काय असते हे त्यावरून कळेल. गेर्डामधील उघडे जर्मेनियम स्फटिक द्रवरूप आरगॉनमध्ये टांगलेले होते. आरगॉन थंडावा देतो, कवच होतो, आणि बाहेरून किरण आला तर स्वतः चमकून त्याची चुगलीही करतो. पण वातावरणातून काढलेल्या आरगॉनमध्ये आरगॉन-४२ हा किरणोत्सारी समस्थानिक अत्यल्प प्रमाणात असतो. त्यापासून पोटॅशियम-४२ बनते, त्याचे आयन स्फटिकांभोवतीच्या विद्युतक्षेत्रामुळे पृष्ठभागाकडे ओढले जातात, आणि तिथे साडेतीन हजार केईव्हीपर्यंतचे बीटा कण सोडतात. गेर्डाने यावर उपाय म्हणून स्फटिकांच्या प्रत्येक माळेभोवती पारदर्शक नायलॉनचे नळकांडे बसवले होते. लेजेंड-१००० साठी भूगर्भातून काढलेला आरगॉन वापरण्याची योजना आहे, कारण खडकाआड राहिलेल्या वायूला वैश्विक किरणांचा मारा लागलेला नसतो. त्याच धर्तीवर, शेजारच्या क्वोरे प्रयोगाने कवचासाठी बुडालेल्या रोमन जहाजातून काढलेले सुमारे दोन हजार वर्षे जुने शिसे वापरले आहे. शिसे-२१० चे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्यामुळे त्या शिशातील तो अंश केव्हाच संपून गेलेला आहे.

काजवा:

भूमिगत यांची आकडेमोड चोख आहे, परंतु तिचा कल जर्मेनियमकडे झुकलेला वाटतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आजवरची सर्वांत कडक मर्यादा ज्या कामलँड-झेनने दिली, त्याची ऊर्जा-विभेदनक्षमता, म्हणजे ऊर्जा बारकाईने मोजण्याची क्षमता, जर्मेनियमच्या तुलनेत अगदीच सुमार आहे. जर्मेनियमचे शिखर दोन-तीन केईव्ही रुंद असते, तर कामलँड-झेनमध्ये ते अडीचशे केईव्हीपर्यंत पसरते. तरीही तो प्रयोग पुढे गेला, कारण ७४५ किलोग्रॅम समृद्ध झेनॉन सिंटिलेटर (किरण लागताच चमकणाऱ्या) द्रवात विरघळवून ते एका पातळ नायलॉन फुग्यात भरले होते आणि फुग्याभोवती हजार टन स्वच्छ द्रव होता. बाहेरचे किरण वाटेतच शोषले जातात, आणि विश्लेषण करताना मधला स्वच्छ गाभा तेवढा मोजता येतो. घन स्फटिकांच्या मांडणीत ही सोय नाही. तिथे प्रत्येक तार, प्रत्येक खुंटी डिटेक्टरला चिकटूनच असते.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सर्वांत कठीण मर्यादा म्हणजे नेहमीचा, दोन प्रतिन्यूट्रिनो सोडणारा ऱ्हास. झेनॉन-१३६ साठी त्याचे अर्धायुष्य सुमारे २.२ × १०^२१ वर्षे आहे, म्हणजे शोध चालू असलेल्या ऱ्हासाहून तो लाखपटींनी अधिक वेळा घडतो. त्याच्या ऊर्जापटाची शेपूट शिखराच्या ऊर्जेपर्यंत निमुळती होत जाते, आणि शिखर रुंद असले की ही शेपूट आत शिरते. ही घुसखोरी विभेदनक्षमतेच्या साधारण सहाव्या घाताने बदलते. कामलँड-२-झेन या पुढच्या आवृत्तीत अधिक प्रकाश गोळा करून विभेदनक्षमता चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणण्याचा बेत आहे. ही दुपटीची सुधारणा शेपटीचा उपद्रव चौसष्टपट कमी करते. फुग्याच्या फिल्मवरील बिस्मथ-२१४ ची ओळख पटावी म्हणून स्वतः चमकणारी फिल्म वापरण्याचाही विचार आहे, कारण बिस्मथनंतर एक-दोन दशांश मिलिसेकंदांत येणारा पोलोनियम-२१४ चा अल्फा कण साध्या फिल्ममध्येच अडकला तर त्या जोडीचा मागमूस लागत नाही.

दुसरी मर्यादा मला अधिक मनोरंजक वाटते. डिटेक्टर कितीही शुद्ध केला, कितीही खोल पुरला, तरी सूर्यातील बोरॉन-८ पासून येणारे न्यूट्रिनो त्यात शिरणारच आणि द्रवातील इलेक्ट्रॉनांना धक्का देणारच. न्यूट्रिनो बाहेर न पडणारा ऱ्हास शोधताना बाहेरून आलेले न्यूट्रिनोच वाट अडवतात. येथे द्रवाचे प्रमाण कळीचे ठरते: शंभर भाग द्रवात एखादाच भाग उपयोगी समस्थानिक असेल, तर सूर्याचे न्यूट्रिनो शंभर भागांवर आदळतात आणि संकेत एकाच भागातून मिळतो.

याच कारणासाठी कॅनडातील दोन किलोमीटर खोल प्रयोगशाळेतला एसएनओ प्लस प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. टेल्युरियम-१३० नैसर्गिक टेल्युरियममध्ये ३४ टक्के असते, त्यामुळे समृद्ध करण्याचा खर्चच लागत नाही. ७८० टन द्रवात अर्धा टक्का टेल्युरियम मिसळले की सुमारे १,३०० किलोग्रॅम टेल्युरियम-१३० मिळते. हे प्रमाण आणखी वाढवता आले, तर सौर न्यूट्रिनोंचे सापेक्ष ओझे हलके होत जाईल. जुनोबद्दल बोलायचे तर ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने निरीक्षणे सुरू केली असून १ एमईव्ही (१,००० केईव्ही) ऊर्जेला ३ टक्के विभेदनक्षमता हे त्याचे लक्ष्य आहे. त्याचे पहिले काम न्यूट्रिनोंचा वस्तुमान-क्रम (तीन न्यूट्रिनोंपैकी कोणते हलके, कोणते जड) ठरवणे हे आहे. ते झाल्यावर त्याच द्रवात टेल्युरियम किंवा झेनॉन मिसळण्याचा प्रस्ताव मांडला गेला आहे. वीस हजार टनांचा मुद्दा तेव्हा खऱ्या अर्थाने कामी येईल.

अमेरिकेतील ड्यून या न्यूट्रिनो-प्रयोगाच्या एखाद्या आरगॉन-कक्षात दोन टक्के झेनॉन मिसळावे, अशीही एक सूचना आहे. कागदावर ती भव्य दिसते, पण सतरा हजार टनांचे दोन टक्के म्हणजे तीनशेहून अधिक टन झेनॉन, आणि जगाचे वार्षिक उत्पादन शंभर टनांच्याही आत आहे. शिवाय भूमिगत यांनी सांगितलेला आरगॉन-४२ चा प्रश्न तिथे हजारो टनांच्या प्रमाणात उभा राहतो. या सूचनेवर मी तूर्त तरी भिस्त ठेवणार नाही.

ध्रुवतारा:

दोघांचेही मनापासून आभार. शिखराची रुंदी आणि पार्श्वभूमी यांचा संबंध आता स्पष्ट झाला. माझी दुसरी शंका अजून तशीच आहे: काहीच दिसले नाही तर?

शून्यप्रहर:

याचे उत्तर या प्रयोगांपेक्षा जुनोच्याच निकालावर अधिक अवलंबून आहे.

ऱ्हासाचा वेग ‘प्रभावी मायोराना वस्तुमान’ या राशीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ही राशी म्हणजे तीन न्यूट्रिनो-वस्तुमानांची, त्यांच्या मिश्रणानुसार आणि कलांनुसार (तरंगांप्रमाणे पदांना एकमेकांत मिळवणाऱ्या किंवा वजा करणाऱ्या कोनांनुसार) केलेली बेरीज. कामलँड-झेनची मर्यादा या भाषेत २८ ते १२२ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी येते. वस्तुमानांचा क्रम उलटा असेल, म्हणजे दोन जड व एक हलका न्यूट्रिनो असेल, तर ही राशी साधारण १५ ते १८ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली जाऊच शकत नाही. पुढच्या पिढीचे १०^२८ वर्षांचे उद्दिष्ट नेमके हा तळ गाठण्यासाठी आखलेले आहे. क्रम सरळ (दोन हलके, एक जड) असेल तर मात्र ही राशी काही मोजक्या मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत घसरू शकते, आणि कलांमुळे पदे एकमेकांना रद्द करत गेली तर शून्याच्या जवळही पोहोचू शकते.

म्हणून समजा जुनो, ड्यून आणि जपानमधील हायपर-कामिओकांदे यांनी क्रम उलटा असल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध केले, आणि तरीही १०^२८ वर्षांपर्यंत काही दिसले नाही, तर न्यूट्रिनो मायोराना कण नसावा या निष्कर्षाला भक्कम आधार मिळेल, अर्थात हलक्या न्यूट्रिनोंशिवाय दुसरी कोणती यंत्रणा त्यात गुंतलेली नाही असे धरले तर. क्रम सरळ निघाला तर काहीही न दिसण्यातून न्यूट्रिनोच्या स्वरूपाविषयी ठाम असे काहीच सांगता येणार नाही. सध्याच्या आंदोलन-प्रयोगांच्या (न्यूट्रिनोंचे एका प्रकारातून दुसऱ्यात होणारे बदल मोजणाऱ्या) माहितीचा आणि विश्वशास्त्रीय मोजमापांचा एकत्रित कौल पाहता सरळ क्रमाची तयारी ठेवलेली बरी, असे माझे मत आहे. त्या परिस्थितीतही १०^२७ ते १०^२८ हा टापू रिकामाच असेल असे नाही. सर्वांत हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान पुरेसे मोठे असेल तर संकेत तिथेही सापडू शकतो, मात्र उलट्या क्रमाइतकी हमी राहत नाही.

उलट दिशेचा निष्कर्ष मात्र निर्विवाद आहे. हा ऱ्हास एकदा खात्रीने दिसला, तर यंत्रणा कोणतीही असो, न्यूट्रिनोला मायोराना वस्तुमान असलेच पाहिजे, हे शेख्टर आणि वाये यांनी १९८२ मध्येच दाखवून दिले आहे.

आता एक मोठा अडसर सांगतो, ज्याकडे प्रयोगांच्या उत्साहात दुर्लक्ष होते. अर्धायुष्यावरून वस्तुमान काढण्यासाठी अणुकेंद्राच्या रचनेचे गणित लागते, आणि वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या या गणितांची उत्तरे एकमेकांपासून दोन ते चारपट दूर असतात. वर दिलेल्या २८ ते १२२ या लांबलचक पट्ट्याचे कारण हेच आहे. वेग वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे गणितातील तीनपट अनिश्चितता अर्धायुष्यात नऊपट होते, म्हणजे सुमारे दहा वर्षांच्या निरीक्षणाने मिळवलेली सुधारणा कागदावरच्या एका गुणकात हरवू शकते. २०१८ मध्ये या गणितात अगदी जवळच्या अंतरावरील एक नवे पद पहिल्याच पायरीला घ्यावे लागते असे दाखवले गेले, आणि तेव्हापासून जुन्या अंदाजांची फेरतपासणी सुरू आहे. एखादा नवा डिटेक्टर बांधण्याइतकेच हे काम निकडीचे आहे, असे मला वाटते.

त्यामुळेच एकाच समस्थानिकावर विसंबणे योग्य नाही. २००१ मध्ये हायडेलबर्ग-मॉस्को प्रयोगातील एका गटाने जर्मेनियम-७६ मध्ये हा ऱ्हास दिसल्याचा दावा केला होता. गेर्डाच्या २०१३ च्या निकालाने तो मोडीत निघाला. मधली बारा वर्षे वादात गेली, कारण तुलनेसाठी तितक्याच ताकदीचा दुसरा प्रयोग हाताशी नव्हता. उद्या झेनॉनमध्ये शिखर दिसले, तर जर्मेनियम किंवा मॉलिब्डेनममध्येही ते अपेक्षित प्रमाणात दिसल्याशिवाय मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

भूमिगत:

शून्यप्रहर यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: मॉलिब्डेनम-१०० ची ऊर्जा ३०३४ केईव्ही, म्हणजे थॅलियमच्या २६१५ च्या वर आहे, आणि हा त्याचा मोठा फायदा. क्युपिड या नियोजित प्रयोगात लिथियम मॉलिब्डेटचे स्फटिक उष्णतेसोबत प्रकाशही देतील, त्यामुळे पृष्ठभागावरून आलेले अल्फा कण वेगळे काढता येतील. अडचण अशी की त्याच्या साध्या दुहेरी ऱ्हासाचे अर्धायुष्य अवघे ७ × १०^१८ वर्षे आहे. घटना इतक्या वारंवार घडतात की संथ चालणाऱ्या या स्फटिकांत दोन घटना एकमेकींवर चढून एकच मोठी घटना झाल्याचा भास होतो.

पारा:

चर्चा एकाच ऱ्हासाभोवती फिरत आहे, म्हणून थोडी भर घालतो. दुर्मिळ ऱ्हासांचे आणखीही प्रकार आहेत आणि त्यांच्याबाबत चित्र बरेच आशादायक आहे, कारण ते घडतात याविषयी सिद्धान्ताला शंका नाही.

झेनॉन-१२४ चे अणुकेंद्र स्वतःच्या कवचातील दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी गिळते आणि दोन न्यूट्रिनो सोडते. कृष्णद्रव्याच्या शोधासाठी बांधलेल्या झेनॉन-१टी डिटेक्टरने हा ऱ्हास २०१९ मध्ये नोंदवला. तेव्हा मोजलेले अर्धायुष्य १.८ × १०^२२ वर्षे होते, आणि अधिक निरीक्षणांनंतर ते १.१ × १०^२२ च्या आसपास स्थिरावले. न्यूट्रिनो निसटून जातात, पण रिकाम्या झालेल्या कवचात इलेक्ट्रॉन उतरताना ६४ केईव्ही ऊर्जा मागे राहते, आणि तीच खूण पकडली गेली. नैसर्गिक झेनॉनच्या एका टनात हा समस्थानिक जेमतेम एक किलोग्रॅम असतो, हे लक्षात घेतले तर त्या डिटेक्टरच्या शांततेची कल्पना येईल. एक्सएलझेडडी या नावाने आखला जात असलेला साठ टनांचा डिटेक्टर अशा ऱ्हासांची मोजणी कितीतरी बारकाईने करू शकेल. साठ टन नैसर्गिक झेनॉनमध्ये झेनॉन-१३६ ही पाच टनांहून थोडे अधिक असते. एनएक्सो या नियोजित झेनॉन-प्रयोगाला तेवढ्याच पदार्थासाठी झेनॉन समृद्ध करून घ्यावे लागेल.

झेनॉन-१३४ चा दुहेरी बीटा ऱ्हास अजून कोणाला दिसलेला नाही. त्याची ऊर्जा ८२६ केईव्ही एवढीच असल्याने तो फार संथ आहे आणि झेनॉन-१३६ च्या घटना त्याला झाकून टाकतात. तसेच जर्मेनियम-७६, टेल्युरियम-१३० आणि झेनॉन-१३६ यांचे ऱ्हास कन्या-अणुकेंद्राच्या (ऱ्हासातून बनणाऱ्या अणुकेंद्राच्या) उत्तेजित अवस्थेत उतरताना अद्याप पाहिले गेलेले नाहीत, जरी मॉलिब्डेनम-१०० आणि निओडिमियम-१५० मध्ये ते दिसलेले आहेत. यांतील प्रत्येक मोजमाप अणुकेंद्राच्या गणिताला एक नवी कसोटी देते, आणि शून्यप्रहर यांनी सांगितलेला अडसर कमी करण्याचा हाच प्रायोगिक मार्ग आहे.

ध्रुवतारा:

हे माझ्यासाठी पूर्णपणे नवीन होते, आभार. शेवटचा एक प्रश्न: ऱ्हासानंतर झेनॉनचे बेरियम होते. तो एक बेरियमचा अणूच शोधून काढला, तर पार्श्वभूमीचा सगळा प्रश्न मिटणार नाही का?

काजवा:

बराचसा मिटेल, आणि ही कल्पना १९९१ पासून चर्चेत आहे. गॅमा किरणांमुळे बेरियम तयार होत नाही, त्यामुळे योग्य ऊर्जेची घटना आणि त्याच ठिकाणी बेरियम-१३६ चा अणू अशी जोडी सापडली, तर संशयाला जागा उरत नाही. २०१९ मध्ये एनएक्सोशी संबंधित संशोधकांनी गोठवलेल्या झेनॉनमधील सुटे बेरियम अणू लेझरच्या प्रकाशात एकेक करून दाखवले. नेक्स्ट या प्रयोगाचे संशोधक बेरियमचा आयन चिकटताच चमकणाऱ्या रेणूंवर काम करत आहेत. मात्र नमुन्यातला अणू पाहणे आणि टनावारी झेनॉनमध्ये नेमक्या त्या क्षणी, नेमक्या त्या बिंदूवरून एक अणू उचलून आणणे यांत अजून मोठे अंतर आहे. शिवाय दोन प्रतिन्यूट्रिनो सोडणाऱ्या साध्या ऱ्हासातूनही बेरियमच तयार होते. ती पार्श्वभूमी या युक्तीने जात नाही, तिच्यासाठी चांगली विभेदनक्षमता लागतेच. म्हणून पुढच्या पिढीच्या आराखड्यांत बेरियम-शोधावर संवेदनक्षमता बेतलेली नाही. तो जमला तर नंतरच्या टप्प्यात जोडता येईल, अशी सोय तेवढी ठेवलेली आहे.